रकाना क्रमांक एकोणीस

शनिवार पेठेतल्या शुभसंयोग वधूवर सूचक मंडळाचं दार दुपारी एकला बंद होतं आणि चारला उघडतं. मधल्या तीन तासांत माणसं जेवून पडतात आणि मंडळाचा संगणक बॅकअप घेतो, म्हणजे सगळ्या मुलामुलींच्या माहितीची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवतो. पूर्वी हे काम पाऊण तासात उरकायचं. त्या दिवशी मात्र चार वाजून दहा मिनिटं झाली तरी पडद्यावरची हिरवी पट्टी एकाहत्तर टक्क्यांवर अडून बसली होती, आणि ती पुरी होईपर्यंत एकही फाइल उघडत नव्हती. बाहेर बाकावर दोन वधूपिते आणि एक वराची आत्या घड्याळाकडे बघत बसली होती.

"खांबेटे, झोपलंय का ते?" काउंटरवरून मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"झोपलेलं नाही. काम चाललंय त्याचं."

"मग सरकारी दिसतंय. चालू द्या."

श्यामसुंदर खांबेट्यांनी पट्टीवरची नजर हलवली नाही. ते मंडळाच्या संगणक विभागाचे प्रमुख होते. विभागात दुसरं कोणी नव्हतं, तरी प्रमुख ते प्रमुखच. वीस वर्षांपूर्वी मंडळाच्या जाडजूड वह्या त्यांनी एकट्यानं संगणकात उतरवल्या. तेव्हापासून नोंदणी केलेल्या प्रत्येक घराला आपापलं खातं असे. त्या खात्यातून घरबसल्या स्थळं बघता येत. आपल्यावाचून या पेठेत अर्धी लग्नं झाली नसती, असं खांबेट्यांचं प्रामाणिक मत होतं. पेठेला मात्र ते ठाऊक नव्हतं.

म्हणजे असं बघा, लग्न जुळलं की माणसं मंडळात पेढे घेऊन येत. दारातून आत शिरलं की समोर काउंटर, काउंटरवर मंदाकिनीबाई. "बाई, तुमच्यामुळे जमलं हो," म्हणायचं आणि पुडा तिथंच ठेवायचा. स्थळ शोधणार संगणक, संगणक सांभाळणार खांबेटे आणि पेढे जाणार मंदाकिनीबाईंना. बाई काही वाईट नव्हत्या. त्या पुडा फोडून एक पेढा खांबेट्यांच्या टेबलावर आणून ठेवत. पण एकच. वीस वर्षांत खांबेट्यांना पेढ्याचा अख्खा पुडा म्हणून मिळाला नव्हता आणि हे त्यांच्या मनात फार आत जाऊन बसलं होतं.

त्यात घरचं दुखणं वेगळंच. गंधार, त्यांचा एकुलता मुलगा, बत्तीस वर्षांचा झाला होता. उंच, नाकीडोळी नीटस, नोकरी पक्की, स्वतःचे कपडे स्वतः इस्त्री करणारा. चार वर्षांपूर्वी त्याची माहिती मंडळात घातली, फाइल क्रमांक अकराशे सत्तेचाळीस. चार वर्षांत कोणाचा साधा फोन आला नव्हता. ज्यांचे चष्मे जाड आणि पगार बारीक, अशांची लग्नं होऊन त्यांच्या पोरांची बारशी झाली, पण गंधारकडे कोणी ढुंकून बघेना. खांबेटे दर दोन दिवसांनी ती फाइल स्वतः उघडून बघत. फोटो उत्तम दिसे, पत्रिका जागेवर असे. मग लोकांना झालंय काय, असं पुटपुटत ते फाइल बंद करत.

दसऱ्याच्या दिवशी पुरणपोळीवर तूप वाढता वाढता त्यांच्या बायकोनं, नीरजाबाईंनी सांगून टाकलं, "तुळशीच्या लग्नापर्यंत वाट बघते. नाही काही आलं तर कोथरूडच्या मंडळात नाव घालणार आहे त्याचं."

खांबेट्यांचा घास हातातच राहिला. "कोथरूडच्या? अगं, मी शुभसंयोगचा विभागप्रमुख. लोक काय म्हणतील?"

"लोक चार वर्षं काहीच म्हणत नाहीयेत, तेच तर दुखणं आहे. तुळशीचं दरवर्षी लागतं हो. आपल्या मुलाचं एकदा तरी लागू दे."

हलवाई स्वतःच्या घरी दुसऱ्याच्या दुकानातली मिठाई नेताना दिसला तर त्याचं दुकान चालेल का? खांबेट्यांना त्या रात्री झोप आली नाही. तुळशीच्या लग्नाला जेमतेम महिना उरला होता आणि इकडे बॅकअप रोज दहा-पंधरा मिनिटं पुढे सरकत होता.

खांबेट्यांनी आधी विजेला दोष दिला. मग मंदाकिनीबाईंना दिला, कारण त्या लोकांकडून मोठे फोटो घेत. "एकेका मुलीचे सहा-सहा फोटो कशाला? नाक एकच आहे ना?" असं म्हणून त्यांनी दोन दिवस बसून सगळे फोटो लहान केले. बॅकअप पाच वाजता संपला. मग त्यांनी नवी डिस्क आणवली. तरीही सव्वापाचच. शेवटी मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब स्वतः खाली आले, बाकावरच्या माणसांना नमस्कार केला आणि आत येऊन म्हणाले, "खांबेटे, उद्यापासून एक मुलगी येईल. तिला दाखवा."

"कोण मुलगी?"

"वैष्णवी. हडपसरची. तिकडे मोठ्या कंपनीत हीच कामं करते. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडूनच लग्न जमलं तिचं. मंदाकिनीबाईंनी जमवलेलं. त्या उपकाराखातर फुकट येते म्हणाली." फुकट हा शब्द आप्पासाहेबांनी जरा सावकाश उच्चारला.

वैष्णवी आली ती पाठीवर पिशवी लटकवून, हातात हेल्मेट घेऊन. आप्पासाहेबांना ती सर म्हणाली, मंदाकिनीबाईंना मॅडम म्हणाली आणि खांबेट्यांकडे वळून म्हणाली, "काका, ॲडमिनचं लॉगिन मिळेल?"

काका हा शब्द खांबेट्यांच्या कानात खड्यासारखा गेला. "मिळणार नाही," ते म्हणाले.

"मग मी बघू कसं?"

"बघायचं कशाला? दुरुस्त करा."

ती हसली. खांबेट्यांनी विनोद केला असं तिला वाटलं असावं. मंदाकिनीबाईंनी तिला चहा मागवला, तोही कपबशीतून. खांबेट्यांना वीस वर्षं काचेच्या ग्लासात चहा येत होता. बसायला तिला चाकांची खुर्ची मिळाली. ती खुर्ची अध्यक्षांच्या खोलीत होती आणि खांबेट्यांनी तिच्यासाठी दोनदा अर्ज केला होता. आणि तिसऱ्याच दिवशी कुणाचंसं लग्न ठरून पेढे आले, तर मंदाकिनीबाईंनी वैष्णवीच्या हातावर दोन पेढे ठेवले. दोन. आल्याला तीन दिवस नाही झाले आणि दोन पेढे.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ते टेबलाशी बसले आणि त्यांनी एक काम केलं. ते काम कळायला मंडळाची एक रीत सांगितली पाहिजे.

मंडळाच्या अर्जात एकोणीस रकाने होते. नाव, गोत्र, उंची वगैरे झाल्यावर शेवटचा रकाना होता, "ही माहिती कोणास दाखवू नये." हा रकाना आप्पासाहेबांनी तरुणपणी काढलेला आणि त्यांचा त्याच्यावर फार जीव. घरोघरचे रुसवेफुगवे ओळखूनच त्यांनी तो काढला होता आणि लोकही तो भरभरून भरत. बाकीच्या रकान्यांत तीन शब्द लिहिणारी माणसं इथं पुरवणी जोडत. एकानं लिहिलं होतं, "धाकटे साडू, त्यांचे व्याही व व्याह्यांचे शेजारी." एका बाईंनी नुसतं लिहिलं होतं, "जाऊबाई. कारण विचारू नये." वह्यांच्या काळात हे सगळं मंदाकिनीबाई डोक्यात ठेवत. खांबेट्यांनी ते संगणकात आणलं. प्रत्येक फाइलीला ज्यांना ज्यांना बंदी, त्यांची नावं एकेक करून चिकटवली. त्यामुळे जाऊबाईंनी आपल्या खात्यातून ती फाइल उघडू पाहिली तर त्यांना ती दिसतच नसे. या कामाचा खांबेट्यांना मोठा अभिमान होता.

आणि स्वतः बापच विभागप्रमुख असल्यावर गंधारच्या फाइलीचा एकोणिसावा रकाना रिकामा कसा राहील? त्यात पहिलं नाव पडलं मंदाकिनीबाईंचं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न अवघ्या एकवीस दिवसांत ठरलं आणि वर त्या सहज म्हणाल्या, "गंधारची पत्रिका द्या की, मी बघते." बघणार, जमवणार आणि मग जन्मभर ऐकवणार. खांबेट्यांनी त्याच दिवशी त्यांना बंदी घातली. दुसरं नाव करंबेळकरांचं. करंबेळकरांनी खांबेट्यांच्याच इमारतीत, बरोबर त्यांच्या डोक्यावरचं घर घेतलं आणि त्या घराला दोन बाल्कन्या होत्या. दुसरी बाल्कनी त्यांनी नुसती कुंड्यांना दिली. अशा माणसांना आपला मुलगाही द्यायचा? छे. पुढं कोणी नवी गाडी घेतली, कोणाची मुलगी पहिली आली, कोणी लग्नात खांबेट्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं. अशी पाच-पंचवीस नावं त्यांनी घातली असतील. निदान त्यांचा तसा समज होता.

तर त्या संध्याकाळी त्यांनी मंडळातल्या सगळ्या, म्हणजे अकरा हजार फाइली एकदम निवडल्या आणि प्रत्येकीला आणखी एक नाव चिकटवलं, "वैष्णवी." हिला कशाला लोकांच्या घरातलं सगळं दिसायला पाहिजे? मग हात धुऊन ते घरी गेले आणि दोन पोळ्या जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी बॅकअप पावणेसहाला संपला. बाकावर सात माणसं होती आणि त्यांतली दोन उठून कोथरूडची बस कुठून मिळते असं विचारत गेली.

"काका, मी यायच्या आधी फास्ट होता ना हा?" वैष्णवी डोकं खाजवत म्हणाली.

"होय ना. मीही तेच म्हणतोय," खांबेटे म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. बॅकअप लांबतोय याचं दुःख होतंच, पण तो तिच्या डोळ्यांदेखत लांबतोय यात मजा होती.

पण मुलगी चिकट निघाली. तिनं आप्पासाहेबांच्या तिजोरीतला पासवर्डचा लखोटा मागून घेतला, दोन दुपारी जेवायला न जाता बसली आणि तिसऱ्या दुपारी प्रिंटरमधून कागद काढायला लागली. कागद संपले तेव्हा तिनं खांबेट्यांकडे आणखी मागितले. "अर्ज करा," खांबेटे म्हणाले. तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः आणले.

एव्हाना तुळशीचं लग्न लागून गेलं. शनिवारी सकाळी अकराला आप्पासाहेबांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. नेमक्या त्याच वेळी नीरजाबाई हातात कापडी पिशवी घेऊन मंडळात आल्या आणि बाहेर बाकावर बसल्या. गंधारची मूळ पत्रिका मंडळातून परत घेऊन त्या तशाच कोथरूडला निघणार होत्या. खांबेट्यांनी त्यांना पाहिलं आणि त्यांचं लक्ष सभेतून उडालं. खोलीचं दार उघडंच होतं.

"तर सर, मशीन चांगलं आहे," वैष्णवीनं सुरुवात केली. "डिस्क पण चांगली आहे. प्रॉब्लेम एकोणीस नंबरच्या रकान्यात आहे."

आप्पासाहेबांच्या भुवया वर गेल्या. "तो रकाना माझा आहे."

"हो सर, कळलं मला. पण बॅकअप नुसती फाइल घेत नाही. त्या फाइलला कोणाकोणाला बंदी आहे, ती यादी पण प्रत्येक वेळी वाचतो आणि उतरवून घेतो. अकरा हजार फाइली. एकेकीला सरासरी साठ नावं. म्हणजे रोज दुपारी साडेसहा लाख नावं वाचतंय ते बिचारं."

"म्हणजे लग्नाच्या मांडवात दारावर माणूस उभा करायचा," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "आणि येणाऱ्या प्रत्येकाला आत सोडायच्या आधी कोणाकोणाला बोलावलं नाही ते सगळं वाचून दाखवायला लावायचं."

"एक्झॅक्टली, मॅडम."

"मग पंगत बसायची कधी?"

आप्पासाहेब खिडकीबाहेर बघू लागले. रकाना मोडायचा म्हणजे त्यांच्या हयातीतली कमाई मोडायची. "लोकांच्या भावना असतात," ते म्हणाले. "थोडी नावं असणारच."

"थोडी असती तर चाललं असतं, सर. आता ही एक फाइल बघा. यादीच्या लांबीत ही सगळ्यात वरची आहे. कोणाची आहे ते मला दिसत नाही, कारण मलाही बंदी आहे. आणि बंदी घातलीय मी आल्यावर तिसऱ्या दिवशी." तिनं खांबेट्यांकडे बघितलं नाही, ही तिची सभ्यता. "मंडळात मुलीकडची चालू खाती चारशे पंधरा आहेत. या फाइलला त्यातल्या चारशे बारा जणांना बंदी आहे. शिवाय मॅडमना आणि मला."

आप्पासाहेबांनी बोटांवर वजाबाकी केली.

"उरलेली तीन कोण?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"एका मुलीचं लग्न होऊन पाच वर्षं झाली, खातं बंद करायचं राहिलंय. एक न्यू जर्सीचे आहेत, ते पासवर्ड विसरलेत. आणि तिसरी मुलगी, सर, तुमची नात आहे."

"ती आठ वर्षांची आहे. मी अर्ज तपासायला तिचं नाव घातलं होतं."

"म्हणजे हे स्थळ चार वर्षांत एकाही माणसाला दिसलेलं नाहीये," वैष्णवी म्हणाली. "कोण बिचारा आहे काय माहीत. नंबर अकराशे सत्तेचाळीस."

खांबेट्यांच्या कानांतून वाफा निघायला लागल्या. चारशे बारा? पाच-पंचवीस म्हणता म्हणता चारशे बारा? त्यांना एकेक नाव आठवायला लागलं. गाडीवाले, बाल्कनीवाले, पहिल्या नंबरवाले. ज्यांचा ज्यांचा म्हणून त्यांनी चार वर्षांत हेवा केला, ती सगळी माणसं गंधारच्या दाराशी कुलूप होऊन बसली होती आणि किल्ली तेवढी बापाच्या खिशात. त्यांच्या स्वतःच्या खात्यातून फाइल दर वेळी व्यवस्थित उघडायची. उघडणारच.

मंदाकिनीबाईंनी डोळे बारीक केले. "अकराशे सत्तेचाळीस. खांबेटे, उघडा बघू तुमच्याकडून."

"नंतर बघू," खांबेटे म्हणाले.

"उघडा," आप्पासाहेब म्हणाले.

फाइल उघडली. पडद्यावर गंधार फिका निळा शर्ट घालून हसत उभा राहिला. दारात पिशवी सावरत नीरजाबाई येऊन उभ्या होत्या. बाकावर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"चारशे बारा," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि मी चार वर्षं गुरुवार करतेय."

खांबेट्यांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. जमिनीनं तसं काही केलं नाही. आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "खांबेटे, तुमचं चारशे बारा घरांशी वैर आहे आणि आम्हाला वाटायचं, तुमची कोणाशी ओळख नाही." मग त्यांनी वैष्णवीकडे वळून सांगितलं, "रकाना काढून टाका. सगळ्यांचा."

त्या दुपारी एक ते चार मंडळात कोणी पडलं नाही. वैष्णवीनं साडेसहा लाख नावं पुसली. पुसायला सात मिनिटं लागली. खांबेट्यांना ती सात मिनिटं फार लागली. त्यांच्या चार वर्षांच्या मेहनतीचं चीज झालं ते असं. मग तिनं बॅकअप लावला. हिरवी पट्टी सरसर धावली आणि अडतीस मिनिटांत संपली.

नीरजाबाई कोथरूडला गेल्या नाहीत. त्या काउंटरशी मंदाकिनीबाईंच्या शेजारी बसून राहिल्या आणि दोघींची डोकी एकत्र आली.

"मला वाटायचं, गंधारचं परस्पर कुठं जमलंय," मंदाकिनीबाई म्हणत होत्या. "विचारलं तर तुमच्या यांना राग यायचा. म्हणून गप्प बसले हो."

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. खांबेट्यांनीच उचलला.

"खांबेटे का? मी करंबेळकर, तुमच्या वरचा. अहो, आत्ताच गंधारची माहिती पाहिली मंडळाच्या खात्यावर. आमची स्वराली गेली चार वर्षं त्याला जिन्यात रोज भेटते, पण तुम्ही कधी बोलला नाहीत. म्हटलं आपण कसं विचारायचं. चालेल ना उद्या सकाळी वर आलात तर? पोहे खाऊ. बाल्कनीत बसू."

"कुठल्या?" खांबेट्यांच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही म्हणाल त्या."

पोहे झाले, मग साखरपुडाही ठरला. मार्गशीर्षात एका सकाळी नीरजाबाई ठेवणीतली साडी नेसून मंडळात आल्या. हातात दोन पुडे होते. खांबेट्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सारून जागा केली. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण आला होता आणि तो आणणारी त्यांची स्वतःची बायको होती. यापेक्षा मोठा मान तो कोणता?

नीरजाबाई काउंटरशी थांबल्या. एक पुडा त्यांनी मंदाकिनीबाईंच्या हातात दिला. "बाई, तुमच्यामुळे जमलं हो." दुसरा पुडा चाकांच्या खुर्चीत बसलेल्या वैष्णवीपुढे ठेवला आणि तिच्या गालावरून हात फिरवला. मग त्या रिकाम्या हातांनी खांबेट्यांच्या टेबलापाशी आल्या. खांबेटे त्या मोकळ्या जागेकडे बघत होते.

"असं काय बघताय?" नीरजाबाई म्हणाल्या. "तुम्हाला घरी आहेत की."